तीन तारांचे डल्सिमर आणि अ‍ॅपलेशियाची जुनी गाणी

अमेरिकेच्या पूर्व भागात पसरलेल्या अ‍ॅपलेशियन पर्वतराजीत 'डल्सिमर' नावाचे एक लांबट तंतुवाद्य सुमारे दोनशे वर्षांपासून प्रचारात आहे. केंटकी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांचा डोंगराळ पट्टा हे त्याचे माहेर. तीन किंवा चार तारा, मोजके पडदे आणि मांडीवर आडवे ठेवून वाजवण्याची सोपी रीत, एवढाच त्याचा पसारा. संगीताचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेला माणूसही तासाभरात त्यावर एखादी धून काढू शकतो. या सोपेपणामुळेच गेल्या साठ-सत्तर वर्षांत हे वाद्य डोंगरातून शहरात आणि शहरातून जगभर पोहोचले. मात्र ज्या जुन्या लोकगीतांसाठी ते ओळखले जाते, ती गाणी त्यावर वाजवणे वाटते तितके सोपे नाही. वाद्य बदलत गेले तशी गाणीही बदलू लागली आणि जुन्या गाण्यातले नेमके काय राखायचे, हा प्रश्न आजच्या प्रत्येक डल्सिमरवादकापुढे उभा राहिला.

नाव एक, वाद्ये दोन

'डल्सिमर' या नावाने दोन वेगळी वाद्ये ओळखली जातात. एक म्हणजे समलंब चौकोनी पेटीवर ताणलेल्या अनेक तारांवर लहान काठ्यांनी आघात करून वाजवायचे वाद्य. ते आपल्या संतूरच्या कुळातले होय. दुसरे म्हणजे 'अ‍ॅपलेशियन' किंवा 'माउंटन' डल्सिमर. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले हे दुसरे वाद्य रचनेने अगदी निराळे आहे. त्यात पडदे असतात आणि तारा नखीने छेडल्या जातात. 'डल्सिमर' या शब्दाचे मूळ 'गोड सूर' अशा अर्थाच्या लॅटिन आणि ग्रीक शब्दांत सांगितले जाते. इंग्रजी बायबलच्या १६११ मधील प्रसिद्ध भाषांतरात हा शब्द आला आहे. डोंगरातील धार्मिक कुटुंबांनी तेथूनच तो आपल्या वाद्यासाठी उचलला असावा, असे मानले जाते.

जर्मन मूळ, अमेरिकी रूप

डोंगरातील बहुसंख्य गाणी ब्रिटिश बेटांतून आली असली, तरी वाद्याचा वंश तिकडचा नाही. अठराव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी पेनसिल्व्हेनियात 'शाइटहोल्ट' नावाचे अरुंद, चौकोनी पेटीसारखे वाद्य आणले. हे लोक पुढे शेनांडोआ खोऱ्यातून दक्षिणेकडे सरकले, तसे वाद्यही सरकले. नॉर्वेतील 'लांगेलाइक', स्वीडनमधील 'हुमेल' आणि फ्रान्सच्या व्होज भागातील 'एपिनेट' ही याच कुळातील भावंडे. अ‍ॅपलेशियात आल्यावर स्कॉटिश, आयरिश आणि इंग्रज वंशाच्या कारागिरांनी शाइटहोल्टच्या पेटीखाली रुंद, पोकळ अंग जोडले आणि पडद्यांची पट्टी वर उचलून घेतली. त्यामुळे आवाज मोकळा झाला. जर्मन वाद्य आणि ब्रिटिश गाणी यांची ही गाठ अमेरिकेतच पडली. म्हणूनच डल्सिमर हे अस्सल अमेरिकी वाद्य गणले जाते. केंटकी राज्याने २००१ मध्ये त्याला राज्याच्या अधिकृत वाद्याचा मान दिला.

जुन्या कारागिरांत केंटकीच्या नॉट काउंटीतील जेम्स एडवर्ड थॉमस (१८५० ते १९३३) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १८७१ पासून त्यांनी सुमारे दीड हजार डल्सिमर तयार केले. मध्ये कंबर असलेला, दोन्हीकडे फुगीर असा आकार आणि हृदयाच्या आकाराची नादछिद्रे ही त्यांच्या वाद्यांची खूण पुढे केंटकी पद्धतीची ओळख ठरली. त्यांच्याकडून ही विद्या जेथ्रो अ‍ॅम्बर्गी (१८९५ ते १९७१) यांनी घेतली आणि हिंडमन येथील शाळेत सुतारकाम शिकवता शिकवता पुढच्या पिढीला दिली. व्हर्जिनियातील गॅलॅक्स परिसरात मात्र वेगळी रीत रुजली. तेथे चारही तारा एकाच स्वरात लावतात आणि पिसाच्या लवचीक काडीने नृत्याच्या जलद धुना वाजवतात.

पडद्यांत दडलेले थाट

डल्सिमरचे अंग साधारण तीन फूट लांब असते. अक्रोड, चेरी, पॉप्लर, स्प्रूस अशा लाकडांचा त्यासाठी वापर होतो. वाद्याच्या मध्यावरून लांबट पडदापट्टी जाते. वादकाच्या बाजूची तार सुरावटीची आणि उरलेल्या आधारस्वराच्या, अशी जुनी विभागणी आहे. डाव्या हातात लाकडाची वा बांबूची छोटी काडी धरून ती सुरावटीच्या तारेवर सरकवायची आणि उजव्या हाताने सर्व तारा एकत्र छेडायच्या. धून एका तारेवर चालते आणि बाकीच्या तारा तंबोऱ्याप्रमाणे अखंड गुंजत राहतात. बुलबुल तरंगाची आठवण होणे यावेळी स्वाभाविक आहे. तेथेही एक धून आणि सोबत आधारस्वर हेच तत्त्व असते. मात्र बुलबुल तरंगाला पट्ट्या दाबायच्या असतात आणि डल्सिमरवर काडी थेट तारेवर सरकते. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड डल्सिमरवर सहज निघते.

डल्सिमरचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पडद्यांत आहे. गिटारवर सप्तकातील बाराही स्वरांचे पडदे असतात. जुन्या डल्सिमरवर मात्र सातच स्वरांचे पडदे असतात आणि त्यांच्यातील अंतरे ठरलेली असतात. खुली तार षड्ज मानली, तर पुढील पडद्यांवर शुद्ध रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, शुद्ध धैवत आणि कोमल निषाद हे स्वर मिळतात. म्हणजे आपल्या परिभाषेत खमाज थाटाचे स्वर. दुसरा थाट हवा असेल तर पडदे बदलता येत नाहीत, सुरावटीची तार वेगळ्या स्वरात लावावी लागते. ती पंचमात लावली, की तिसऱ्या पडद्यावर षड्ज येतो आणि तेथून बिलावलचे स्वर मिळतात. शिवाय षड्जाखालचे पंचम, धैवत, निषादही हाताशी राहतात. तीच तार शुद्ध मध्यमात लावली, तर चौथ्या पडद्यापासून काफीचे, आणि कोमल निषादात लावली, तर पहिल्या पडद्यापासून आसावरीचे स्वर निघतात. मंद्र षड्ज आणि पंचम देणाऱ्या आधाराच्या तारा मात्र तशाच राहतात. हे साम्य फक्त स्वरसप्तकापुरते आहे. रागाचे चलन, वादी-संवादी यांचा त्याच्याशी संबंध नाही. तरीही भारतीय कानाला ही गाणी परकी का वाटत नाहीत, याचे एक कारण येथे सापडते. ज्या संगीतात एकच सुरावट अखंड आधारस्वरावर उभी असते, ते ऐकायची या कानाला सवयच आहे.

गाणी आली कुठून

सतराव्या-अठराव्या शतकांत ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतवाल्यांनी आपल्यासोबत कथागीते आणली. प्रेम, फसवणूक, खून, दर्यावर्दी, भुते आणि राजघराण्यांतील कारस्थाने असे त्यांचे विषय. 'बार्बरा अ‍ॅलन' या गीताचा उल्लेख लंडनच्या सॅम्युअल पीप्सच्या दैनंदिनीत १६६६ इतका जुना आहे. हार्वर्ड विद्यापीठातील फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात अशा ३०५ कथागीतांचे पाठ संकलित करून प्रसिद्ध केले. पण त्यांचा भर छापील आणि हस्तलिखित साधनांवर होता. ही गाणी अमेरिकेच्या डोंगरांत अद्याप गायली जातात, हे व्यापक प्रमाणावर उजेडात आले ते १९१६ नंतर. इंग्लंडचे लोकसंगीत संग्राहक सेसिल शार्प आणि त्यांच्या सहकारी मॉड कार्पेलिस यांनी १९१६ ते १९१८ दरम्यान एकूण सुमारे ४६ आठवडे या डोंगरांत पायपीट केली आणि सुमारे १६०० धुना टिपून घेतल्या. ऑलिव्ह डेम कॅम्पबेल यांच्या आधीच्या संकलनासह त्यांचा पहिला संग्रह १९१७ मध्ये निघाला.

शार्प यांच्या नोंदींतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. या धुनांपैकी पुष्कळशा पाच किंवा सहा स्वरांच्याच आहेत. आणि बहुतेक गायक-गायिका ही कथागीते कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय गात. एकट्याने, संथपणे, चेहऱ्यावर भाव न आणता, जणू गोष्टच स्वतः बोलते आहे अशा रीतीने ती गायली जात. डल्सिमर डोंगरात होते, पण ते फिडल आणि बँजोइतके सर्वत्र आढळत नव्हते. ठरावीक खोऱ्यांत, ठरावीक कुटुंबांतच ते दिसे. 'प्राचीन कथागीत आणि त्याला साथ करणारे डल्सिमर' हे आज सर्वपरिचित झालेले चित्र बऱ्याच अंशी विसाव्या शतकात घडले.

ते घडवण्यात शाळांचा वाटा मोठा होता. कॅथरिन पेटिट आणि मे स्टोन यांनी १९०२ मध्ये हिंडमन येथे शाळा स्थापन केली. शिक्षणाबरोबरच डोंगरातील हस्तकला आणि गाणी जपणे हेही तिचे काम होते. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना डल्सिमर दाखवले जाई, विकलेही जाई. या जतनकार्याचे मोल मोठे आहे, पण त्याला निवडीचीही बाजू होती. इतिहासकार डेव्हिड व्हिस्नंट यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात तिची चिकित्सा केली आहे. बाहेरच्या सुशिक्षितांना डोंगर जसा 'शुद्ध' आणि 'जुना' हवा होता, तसाच तो त्यांनी पाहिला. कृष्णवर्णीयांचे संगीत, बँजोची गाणी, चर्चमधील समूहगायन यांकडे शार्प यांच्यासारख्या संग्राहकांचे लक्ष कमीच गेले. म्हणून 'जुने अमेरिकी लोकगीत' म्हणून आज जे हाती येते, त्यामागे कोणाची तरी निवड असते, ही जाणीव वादकाने ठेवलेली बरी.

जीन रिची आणि शहरातील पुनरुज्जीवन

डल्सिमर जगापुढे नेण्याचे श्रेय निर्विवादपणे जीन रिची (१९२२ ते २०१५) यांचे. केंटकीतील व्हायपर या गावी चौदा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वडील बेलिस रिची यांचे डल्सिमर मुलांनी हाताळू नये, अशी घरात ताकीद होती. पाच-सहा वर्षांच्या जीनने ते चोरून वाजवायला सुरुवात केली. रिची कुटुंबातील मुलींकडून शार्प यांनी १९१७ मध्ये हिंडमन येथे गाणी टिपून घेतली होती. म्हणजे हा वारसा घरातलाच होता. १९४७ च्या सुमारास समाजसेविका म्हणून न्यूयॉर्कला गेल्यावर जीन वस्तीतील मुलांना घरची गाणी शिकवू लागल्या आणि पाहता पाहता शहरातील लोकसंगीत चळवळीच्या केंद्रस्थानी आल्या. १९५२ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच वर्षी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या आपल्या गाण्यांची मुळे शोधायला ब्रिटन आणि आयर्लंडला गेल्या. १९६३ मध्ये त्यांचे 'द डल्सिमर बुक' प्रसिद्ध झाले. पती जॉर्ज पिकाओ यांच्यासह ब्रुकलिनमध्ये त्या डल्सिमर तयार करून विकतही असत.

रिची यांनी जुनी गाणी जपली, पण त्यांना काचेच्या कपाटात ठेवले नाही. कोळशाच्या उघड्या खाणींनी डोंगर आणि ओढे नासवले, त्यावर त्यांनी 'ब्लॅक वॉटर्स' लिहिले. खाणी बंद पडल्यावर ओस झालेल्या गावाचे 'द एल अँड एन डोन्ट स्टॉप हिअर एनिमोर' हे त्यांचे गाणे पुढे जॉनी कॅश यांनीही गायले. जुन्या चालींच्या वळणाने नवे दुःख मांडता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

जुने गाणे कोणाचे, हा प्रश्नही त्यांच्याच निमित्ताने पुढे आला. रिची कुटुंबात जपलेल्या 'नॉटॅमन टाउन' या गीताच्या चालीवर बॉब डिलन यांनी १९६३ मध्ये 'मास्टर्स ऑफ वॉर' हे युद्धविरोधी गाणे बांधले. त्यावरून हक्काचा वाद झाला आणि तो आपसात मिटवला गेला. लोकगीत सर्वांचे असते हे खरे, पण ते ज्या घराने पिढ्यान् पिढ्या सांभाळले, त्या घराचे नाव घेणे हा किमान शिष्टाचार आहे.

नॉर्थ कॅरोलिनातील एक घटनाही या संदर्भात बोलकी आहे. नेथन हिक्स या डोंगरातील कारागिराच्या डल्सिमरमुळे फ्रँक आणि अ‍ॅन वॉर्नर हे संग्राहक दाम्पत्य १९३८ मध्ये त्याच्या घरी पोहोचले. तेथे त्याचा जावई फ्रँक प्रॉफिट याने त्यांना 'टॉम डूली' ऐकवले. १९५८ मध्ये किंग्स्टन ट्रायोने गायलेले हे गाणे देशभर गाजले आणि लोकसंगीताच्या लाटेला बळ मिळाले. त्या लाटेवर डल्सिमरही पुढे सरकले. रिचर्ड फारिन्या यांनी ते आधुनिक गीतांसाठी वापरले. रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्स यांनी १९६६ मध्ये 'लेडी जेन'मध्ये ते वाजवले. जोनी मिचेल यांच्या १९७१ मधील 'ब्लू' या ध्वनिमुद्रिकेतील अनेक गीतांत ते ऐकू येते. केंटकीचे कारागीर होमर लेडफर्ड (१९२७ ते २००६) यांनी आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक डल्सिमर बनवले. वाद्याला किती मागणी आली होती, याची कल्पना त्यावरून येते.

अर्ध्या पडद्याचा वाद

मागणीबरोबर वाद्यही बदलले. थॉमस यांच्या काळातील वाद्यांवर पडदे म्हणजे सुरावटीच्या तारेखाली ठोकलेल्या तारेच्या आखूड कड्या असत. आधाराच्या तारांखाली त्या पोहोचतच नसत. तिथे बोटांनी स्वरसंघात धरणे शक्यच नव्हते. आजच्या वाद्यांत पडदे पट्टीच्या पूर्ण रुंदीचे असतात. त्यामुळे काडी बाजूला ठेवून बोटांनी तिन्ही तारा दाबून गिटारसारखी साथ करता येते.

दुसरा बदल याहून मोठा. सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये एक जादा पडदा बसवण्याची प्रथा पडली. त्याला 'साडेसहावा' पडदा म्हणतात. त्यावर शुद्ध निषाद मिळतो. आता तार न बदलता एकाच जुळवणीत खमाज आणि बिलावल या दोन्हींचे स्वर वाजवता येतात. षड्ज, पंचम, षड्ज ही जुळवणी त्यामुळे सर्वत्र प्रमाण होऊन बसली. आज तर बाराही स्वरांचे पडदे असलेले डल्सिमर मिळतात. त्यांवर जाझपासून चित्रपटगीतांपर्यंत काहीही वाजते.

परंपरावाद्यांचा आक्षेप असा, की वाद्याची मर्यादा हीच त्याची शिस्त होती. 'ओल्ड जो क्लार्क' या धुनेचा जीव कोमल निषादात आहे. शुद्ध निषाद हाताशी आला, की नवखा वादक नकळत तो लावतो आणि धून गुळगुळीत होते. 'शेडी ग्रोव्ह'सारखे काफीच्या वळणाचे गाणे स्वरसंघातांच्या साच्यात बसवले, तर त्यातील अनिश्चित, हुरहुर लावणारा भाव हरवतो. आधारस्वर गाण्याला एका जागी स्थिर ठेवतो, तर बदलते स्वरसंघात त्याला सतत पुढे ढकलतात. दोन्हींत सौंदर्य आहे, पण ते वेगळे आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की शाइटहोल्टचे डल्सिमर झाले तेही बदलातूनच. बदल थांबला असता तर वाद्य संग्रहालयात जाऊन बसले असते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. वादकाने काय बदलतो आहोत हे जाणून बदलावे, एवढे पथ्य दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखे आहे.

आजचा वादक आणि जुने गाणे

आज अमेरिकेत ठिकठिकाणी डल्सिमर मंडळे आहेत. निवृत्तीनंतर प्रथमच वाद्य हाती घेणाऱ्यांची संख्या त्यांत लक्षणीय आहे. शिकवण्याची पद्धत आकड्यांची: कोणत्या तारेवर कितवा पडदा, एवढेच कागदावर लिहिलेले असते. 'अमेझिंग ग्रेस' हे भूपाच्या पाच स्वरांत बसणारे भजन याच आकड्यांवरून पहिल्या काही दिवसांत शिकवले जाते. ही सोय अमूल्य आहे, पण आकड्यांत गायकाचा श्वास मावत नाही. डोंगरातील गायिका कडव्यागणिक चाल किंचित बदलते, शब्द लांबवते, स्वराला खालून स्पर्श करून वर जाते. लयही घड्याळाच्या ठोक्याची नसते, ती शब्दांच्या ओझ्याने वाकते.

म्हणून जाणते शिक्षक आधी मूळ गायन ऐकण्याचा सल्ला देतात. आज ते शक्य आहे. अ‍ॅलन लोमॅक्स आणि इतरांनी १९३३ ते १९४२ या काळात केंटकीत केलेली ध्वनिमुद्रणे इंटरनेटवर विनामूल्य ऐकता येतात. एकाच गीताचे तीन-चार गायकांचे पाठ ऐकले, की 'मूळ चाल' नावाची एकच एक वस्तू नसते, हे ध्यानात येते. त्यानंतर गाणे स्वतः गाऊन पाहावे, त्याचा थाट ओळखावा, त्यानुसार तार लावावी आणि मग काडी हाती घ्यावी, हा क्रम उपयोगी ठरतो. कथागीतात वाद्याने शब्दांवर मात करू नये. दहा-बारा कडव्यांची गोष्ट ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. दोन कडव्यांमध्ये धून एकदा वाजवून विसावा द्यावा, गाताना केवळ आधारस्वर छेडत राहावा, असे अनेक चांगले वादक करतात.

ओढ्याकाठचे गाव

डल्सिमरची गोष्ट केवळ छंदाची नाही. ज्या नॉट काउंटीत थॉमस यांनी वाद्ये घडवली, तो पूर्व केंटकीचा भाग कोळसा उद्योगाच्या उतरणीने आणि वेदनाशामक अफूजन्य औषधांच्या व्यसनाने पोखरला गेला. हिंडमन येथे व्यसनातून सावरणाऱ्यांना वाद्यनिर्मितीचे काम शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि त्यातून तंतुवाद्यांचा एक कारखानाही उभा राहिला. पंचक्रोशीचा वारसा हा लोकांच्या उपजीविकेचा आणि उभारीचा आधार होऊ शकतो, असा विश्वास त्यामागे होता.

जुलै २०२२ च्या अखेरीस अतिवृष्टीने ट्रबलसम क्रीक या ओढ्याला महापूर आला. पूर्व केंटकीत ४० हून अधिक माणसे दगावली. हिंडमनचा वाद्यकारखाना पाण्याखाली गेला. १९०२ पासूनच्या शाळेच्या अभिलेखागारात पाणी आणि चिखल शिरला. जुनी कागदपत्रे आणि छायाचित्रे वाचवण्यासाठी इतर संस्थांतील तज्ज्ञ धावून आले. शंभर वर्षे जपलेले एका रात्रीत कसे भिजून जाते, हे त्या गावाने पाहिले.

कपाटातला वारसा असा एका पुरात संकटात येऊ शकतो. माणसांच्या गळ्यात आणि हातांत असलेला वारसा मात्र पुरानंतरही गावात उरतो. तो टिकायचा असेल, तर कोणीतरी तार लावून बसले पाहिजे, गोष्ट पूर्ण सांगितली पाहिजे आणि ती कोणाकडून आली हे ऐकणाऱ्याला सांगितले पाहिजे. तीन तारांच्या या साध्या वाद्यावर जुने गाणे वाजवणाऱ्याकडून यापेक्षा अधिक अपेक्षा नाही, आणि यापेक्षा कमीही नाही.